नवी पारसनिशी

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयांचे अर्ज भरण्याचे दिवस आले म्हणजे आपल्या घरांतून दरवर्षीं जी चर्चा रंगते, तींत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. पार्ल्या-अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या घरीं आमचें जाणेंयेणें आहे, त्यांपैकीं अनेक घरीं तो आमच्या कानीं आला. चांगले गुण मिळविलेली मुलगी एके दिवशीं सांगते, "मला जर्मन घेऊन बी. ए. करावयाचें आहे." आजोबा विचारतात, "त्यानें पोट भरेल काय?" वडील म्हणतात, "भाषा संध्याकाळच्या वर्गांतही येते. त्यासाठीं वर्षेंच्या वर्षें कशाला घालवावयाचीं?" धाकटे काका संगणकाच्या धंद्यांतले, ते हातांतील फोन पुढें करून म्हणतात, "आतां हें यंत्रच भाषांतर करतें." आजी मात्र कांहींच बोलत नाहीं. तिच्या मनांतला प्रश्न चौथा आहे: परक्यांची भाषा शिकून हें मूल परकें तर होणार नाहीं ना? पहिल्या तीन प्रश्नांस उत्तरें मिळालीं तरी हा चौथा शिल्लक राहतो, आणि घराचा निर्णय बहुधा त्यावरच होतो. म्हणून या महिन्यांत हे चारही प्रश्न वाचकांपुढें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, परभाषेवर उपजीविका करणें ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाहीं. इमारतीच्या तळमजल्यावर रहिवाशांच्या नांवांची जी पाटी असते ती एकदां सावकाश वाचावी. तींत चिटणीस व फडणीस असतात; कोठें कोठें पारसनीस आणि दुभाषीही असतात. पारसनीस म्हणजे दरबाराचा फारसी पत्रव्यवहार पाहणारा. दुभाषी या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. या 'नीस'चें मूळ फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. पेशव्यांच्या काळीं दिल्लीस हिंगणे घराण्यांतील पुरुष वकील म्हणून राहत. निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे होते. त्या वेळचा वकील हा न्यायालयांतला नव्हे, तर आजच्या भाषेंत राजदूत. त्याच्या कामांत पत्राचा शब्दार्थ लावणें हा सर्वांत सोपा भाग होता. मायना कोणत्या दर्जाचा घातला आहे, भेटीच्या वेळीं कोण पुढें आला, कोणास कोठें बसविलें, कोणती गोष्ट बोलण्याचें मुद्दाम टाळलें, हें सारें वाचतां आलें तरच तो वकील उपयोगाचा. मायन्यांतल्या एका चुकीच्या शब्दानें मानापमान होत, आणि मानापमानांतून राजकारणें बिघडत. विद्यापीठांत आज ज्यास आंतरसांस्कृतिक संवाद असें भारदस्त नांव मिळालें आहे, ती विद्या म्हणजे या जुन्या पारसनिशीचीच शास्त्रशुद्ध मांडणी होय.

ज्या साष्टीच्या भूमीवर हीं उपनगरें वसलीं ती तर परक्यांच्या येण्याजाण्यानें मुरलेली आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ या सालांचे पहलवी लिपींतील लेख आहेत. लेणीं पाहावयास आलेल्या पारशी प्रवाशांनीं आपलीं नांवें तेथें कोरून ठेविलीं. १५३४ पासून सुमारें दोनशें वर्षें साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. अंधेरीस १९७३ सालीं निघालेल्या सीप्झ या निर्यात वसाहतीच्या आवारांत १५७९ सालच्या चर्चचे अवशेष उभे आहेत, आणि त्यांच्या भोंवतीं आज परदेशांशीं व्यापार करणारे कारखाने चालतात. पोर्तुगीजांशीं आलेल्या संबंधांतून बटाटा, पाव, काजू व अननस हे शब्द आपल्या स्वयंपाकघरांत आले. चावी आणि पगार हे शब्द संसारांत आले. पण त्याच काळांत बोरिवलीच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्यांत शिवाची उपासना थांबून ख्रिस्ती उपासना सुरू झाली, ही गोष्टही विसरतां येत नाहीं. दोनशें वर्षांचा शेजार घडला, शब्दांची देवघेव झाली, तरी समजूत पटली असें म्हणवत नाहीं. शब्द बाजारांतही मिळतात. समजूत मात्र शिकावी लागते.

ती शिकवितां येते, हा विचार विद्यापीठांत येण्यास विसावें शतक अर्धें सरावें लागलें. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेस आपले मुत्सद्दी व तंत्रज्ञ जगभर पाठवावे लागले. वॉशिंग्टन येथील परराष्ट्रसेवेच्या शिक्षणसंस्थेंत त्यांस शिकविणारे एडवर्ड हॉल हे मानवशास्त्रज्ञ होते. त्यांच्या लक्षांत आलें कीं, भाषा येत असूनही हीं माणसें परदेशीं जाऊन फसतात. कारण उशीर म्हणजे किती उशीर, दोन माणसांनीं किती अंतरावरून बोलावें, गप्प राहण्याचा अर्थ होकार कीं नकार, हें देशोदेशीं निराळें असतें आणि व्याकरणाच्या पुस्तकांत तें छापलेलें नसतें. १९५९ सालीं 'द सायलेंट लँग्वेज', म्हणजे मुकी भाषा, या नांवानें त्यांचें पुस्तक निघालें. पुढें १९७६ च्या दुसऱ्या ग्रंथांत त्यांनीं असें मांडलें कीं, कांहीं समाजांत बहुतेक अर्थ उघड शब्दांतच सांगितला जातो, तर कांहीं समाजांत तो प्रसंग, नातें आणि मान यांवर सोडलेला असतो. जर्मन लोकांस त्यांनीं पहिल्या बाजूस ठेविलें, जपानी लोकांस दुसऱ्या. एका देशांतलीं सगळीं माणसें एका सांच्याचीं नसतात, हें अशा विभागणीचा उपयोग करतांना लक्षांत ठेवावें. तरीही विचारास प्रारंभ करण्यास ती चांगली आहे.

या विद्येचा पहिला धडा मात्र परदेशांत न शोधतां आपल्या माजघरांत शोधावा. निघणारा माणूस आपल्याकडे 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतो. 'बघूं' याचा अर्थ पुष्कळ वेळां 'नाहीं' असा असतो, आणि तो ऐकणाऱ्यास समजतोही. पंगतींत पाहुणा 'नको' म्हणाला तरी आपण पुन्हां वाढावयास जातों. दोन वेळां नको म्हणून तिसऱ्यांदां घेणें ही रीतच आहे. हाच पाहुणा म्युनिकला एखाद्या घरीं जेवावयास गेला आणि पहिल्या विचारण्यास 'नको' म्हणाला, तर यजमान त्याच्या शब्दास मान देऊन भांडें उचलून नेण्याचाच संभव अधिक. पाहुणा अर्धपोटीं उठेल आणि यजमान मनांत म्हणेल, यास आमचें अन्न रुचलें नाहीं. दोघेही सभ्य, दोघेही आपापल्या घरच्या रीतीनें अगदीं बरोबर, आणि तरीही दोघांची मनें दुखावलेलीं. आईनें पाण्याचा तांब्या पुढें केला तर आपण तिचे आभार मानीत नाहीं, मानले तर ती विचारील, "आज काय झालें तुला?" परंतु आपला नातू परदेशीं वाढलेला असला तर तो प्रत्येक घोटास आभार मानतो, आणि आजीला तें परकेपणाचें वाटतें. तो तर तिला आपल्या परीनें मान देत असतो.

भाषेंत अशा रीतींचे ठसे पक्के बसलेले असतात. मराठींत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्यास सोडून बोलतांना 'आम्ही', त्याला धरून बोलतांना 'आपण'. इंग्रजी, जर्मन व फ्रेंच या भाषांत हा भेद नाहीं. तेथें एकाच शब्दावर दोन्ही भार पडतात. उलट काका, मामा, आत्या, मावशी यांच्यासाठीं आपल्याकडे चार शब्द, तर इंग्रजीला दोन पुरतात. जर्मन भाषेंत 'डू' आणि 'झी' यांत तूं व आपण यांच्यासारखा भेद आहे. झी वरून डू वर केव्हां यावयाचें याचे तेथें नियम आहेत, आणि तो प्रस्ताव साधारणतः वडील माणसानें करावयाचा असतो. पण देवास जर्मन माणूसही डू च म्हणतो, जसे आपण देवाला आणि आईला तूं म्हणतों. हें साम्य वर्गांत कळतें तेव्हां विद्यार्थ्याला परकी भाषा कळतेच, आणि आपल्या 'तूं'ची किंमतही कळते.

आतां वडिलांच्या शंकेकडे वळूं. संध्याकाळचे वर्ग चांगले असतात आणि त्यांचा उपयोगही आहे. युरोपच्या परिषदेनें २००१ सालीं भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या, ए-१ पासून सी-२ पर्यंत. जपानी भाषेच्या परीक्षेस एन-५ पासून एन-१ पर्यंत पांच पायऱ्या आहेत. काळा घोडा येथील मॅक्स मुल्लर भवनासारख्या संस्थांत या पायऱ्यांप्रमाणें शिक्षण मिळतें. ऋग्वेद संपादणाऱ्या ज्या पंडिताच्या नांवानें ही जर्मन संस्था आपल्या देशांत ओळखली जाते, त्यानें आयुष्यांत एकदांही हिंदुस्थान पाहिला नव्हता! पण वर्ग पायरी देतो आणि विद्यापीठ घर दाखवितें. सांताक्रूझच्या पूर्वेस कलिना येथें मुंबई विद्यापीठाचें विद्यानगरी हें आवार आहे. तेथें जर्मन, फ्रेंच, रशियन, अरबी, फारसी या भाषांच्या उच्च अध्ययनाची सोय आहे. पदवीच्या तीन, किंवा नव्या धोरणाप्रमाणें चार वर्षांत, त्या भाषेचें साहित्य, त्या देशाचा इतिहास, भाषाशास्त्र व भाषांतराचा सराव हीं एकत्र येतात. जर्मनीची फाळणी का झाली आणि घरोघरच्या आठवणींत ती कशी राहिली, हें ज्यानें वाचलें नाहीं, त्याला बर्लिनच्या माणसाचें मौन कळणार नाहीं.

आमची तक्रार दुसऱ्याच एका प्रकाराविषयीं आहे. आपल्या मुंबईंत पुष्कळ मुलें फ्रेंच किंवा जर्मन घेतात तीं गुण चांगले पडतात म्हणून. परीक्षा संपली कीं भाषा संपते. ठराविक निबंध, ठराविक पत्र, ठराविक धातुरूपें पाठ होतात. आणि दहा वर्षांनीं 'बाँझूर' एवढाच शब्द उरतो. अशा रीतीनें भाषा घेणाऱ्या मुलास पदवीसाठीं ती घेऊं देऊं नये. ज्याला कोश उघडून बसण्याची गोडी आहे, जो चूक दाखविली असतां रागावत नाहीं आणि ज्याचें मराठी वाचन चांगलें आहे, त्यालाच या वाटेवर घालावें.

ही वाट आपल्याला वाटते तितकी परकीही नाहीं. ज्या घरीं संस्कृतच्या विभक्ति कानांवर पडलेल्या आहेत, तेथें जर्मनच्या चार विभक्ति आणि तीन लिंगें यांचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. जर्मन भाषेंत मुलगी या अर्थाचा 'मेड्शेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. इंग्रजी शिकलेला विद्यार्थी त्यावर हंसतो. पण ज्याची आजी मालवणकडची आहे, त्याला 'तें चेडूं' ठाऊक असतें. जपानी वाक्याची रचना तर मराठीच्या फार जवळची: आधीं कर्ता, मग कर्म, शेवटीं क्रियापद, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून. जपानी मुलें आपली अक्षरमाला 'आ, ई, ऊ, ए, ओ' अशी आणि पुढें 'का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा' या क्रमानें म्हणतात. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत मंत्रांसाठीं सिद्धम् लिपीचा जो अभ्यास केला, त्यांतून हा क्रम तेथें रुजला. आपल्याच वर्णमालेची सावली क्योटोच्या शाळेंत भेटते, ही गोष्ट नातवंडांना सांगण्यासारखी आहे.

पोटाचा प्रश्न टाळतां येत नाहीं, आणि त्यावर गोड बोलून भागणारही नाहीं. नुसत्या मधल्या पायरीच्या भाषेवर मिळणारी नोकरी बहुधा मध्यमच असते. शाळा-महाविद्यालयांतील अध्यापन, भाषांतर, दुभाष्याचें काम, परदेशी कंपन्यांच्या येथील कचेऱ्या, पर्यटन हीं क्षेत्रें आहेत. परंतु चांगलें काम वरच्या पायरीच्या माणसाकडेच जातें आणि तेथवर पोंचण्यास चिकाटी लागते. भाषेच्या जोडीस दुसरें ज्ञान असलें, म्हणजे कायदा, हिशेब, शुश्रूषा किंवा एखादें तंत्र, तर तिची किंमत दुणावते. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशीं कुशल मनुष्यबळासंबंधीं करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा माणसांची तेथें गरज आहे, आणि त्यांना जाण्याआधीं जर्मन यावी लागते. त्यांना ती कोणी शिकवावयाची? भाषा आणि रीत दोन्ही शिकवूं शकेल असा पदवीधर लागतोच. ज्या घरास पहिल्या वर्षापासून मोठ्या पगाराची निकड आहे, त्यानें हा मार्ग विचारपूर्वक घ्यावा. ज्या घरास चार-पांच वर्षें धीर धरतां येतो, त्यानें मुलास उगाच अडवूं नये.

काकांच्या यंत्राविषयींही दोन शब्द बोलले पाहिजेत. हें यंत्र उपयोगी आहे आणि दिवसेंदिवस सुधारत आहे. रेल्वेचें वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरील सूचना, सामान्य पत्र यांसाठीं त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु जपानी व्यापारी जेव्हां 'केंतो शिमासु', म्हणजे 'विचार करतों', असें म्हणतो, तेव्हां अनेकदां तो सभ्यपणें नकार देत असतो. यंत्र 'विचार करतों' असें भाषांतर देईल, आणि तें चुकीचेंही नसेल. त्यावरून माल तयार ठेवावयाचा कीं नाहीं, हें ठरविणारा माणूस जवळ असावा लागतो, आणि ठरविलेल्याची जबाबदारीही त्यानेंच घ्यावयाची असते. यांत आपल्या मुलांस एक सोय आहे. ज्यानें लहानपणापासून घरीं 'बघूं' ऐकलें, त्याला हा जपानी 'बघूं' ओळखणें जड जाऊं नये. फक्त आपल्या घरीं काय घडतें याकडे त्यानें डोळसपणें पाहिलेलें असावें.

परभाषेचा अभ्यास मराठीच्या उपयोगास काय आला, असेंही कोणी विचारील. झूल ब्लॉक या फ्रेंच पंडितांनीं मराठी भाषा कशी घडली यावर फ्रेंच भाषेंत ग्रंथ लिहिला. तो १९२० सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. आपल्या भाषेचा तो इतिहास मराठी वाचकांस मराठींत मिळण्यास १९४१ साल उजाडलें, कारण फ्रेंच आणि भाषाशास्त्र या दोहोंचें ज्ञान असलेला माणूस त्यासाठीं हवा होता. पुण्याचे प्रा. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तें काम 'मराठी भाषेचा विकास' या नांवानें पार पाडिलें. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांतून हिंडले आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ सालीं त्यांनीं जर्मन ग्रंथ लिहिला. फ्रान्सहून आलेले गी प्वातव्हँ पुण्यास राहिले, भारताचे नागरिक झाले. त्यांनीं व हेमा राईरकर यांनीं सहकाऱ्यांसह खेड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे लोक मराठी शिकले ते घाटांत आणि वाड्यावस्त्यांवर जाऊन, ज्यांच्याकडे आपल्या शिकलेल्या घरांनीं फारसें लक्ष दिलें नव्हतें त्यांच्या तोंडून.

येथें एक कडू गोष्ट आपल्यासारख्या घरांनीं मनाशीं आणिली पाहिजे. एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकतांना भीमराव आंबेडकर यांस संस्कृत घ्यावयाचें होतें. अस्पृश्य म्हणून तें त्यांना नाकारण्यांत आलें आणि फारसी घेणें भाग पडलें. पुढें संस्कृतचा अभ्यास त्यांनीं स्वतःच्या बळावर केला आणि उच्च शिक्षणासाठीं युरोपांतील भाषांकडेही ते वळले. भाषेचें दार कोणी कोणासाठीं लाविलें होतें, हें आठवल्यावांचून परसंस्कृतीच्या गोष्टी सांगणें शोभत नाहीं. म्युनिकच्या माणसाचें मन ओळखण्याची हौस ज्याला आहे, त्यानें घाटकोपरच्या गुजराती शेजाऱ्याचें, कलिना किंवा मरोळच्या गांवठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबाचें आणि घरीं कामास येणाऱ्या बाईचेंही बोलणें कान देऊन ऐकावें. ज्याला चार पावलांवरच्या माणसाची रीत कळूं लागते, त्याला समुद्रापलीकडची कळण्याचा मार्ग खुला होतो.

आतां आजीचा प्रश्न. त्याच्या उत्तरादाखल आम्ही एका घराची हकीकत सांगूं. इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं मानवशास्त्राच्या अध्ययनासाठीं बर्लिनला गेल्या. त्यांचे सासरे म्हणजे महर्षि धोंडो केशव कर्वे, ज्यांनीं १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें. त्याच विद्यापीठाचें एक आवार आज जुहूस आहे. असें असूनही सुनेच्या या परदेशगमनास अण्णांची अनुकूलता नव्हती. जर्मनींत शिकून आलेले पति दिनकरराव मात्र पाठीशीं उभे राहिले. बर्लिनला इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. मनुष्याच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशीं असावा, या गुरूच्या तर्कास मोजमापांत आधार सांपडत नाहीं, असा निष्कर्ष त्या तरुण विद्यार्थिनीनें परक्या देशांत, परक्या भाषेंत मांडला, आणि १९३० सालीं डॉक्टरेट घेऊन ती स्वदेशीं परत आली. पुढें १९५३ सालीं भारतांतील आप्तसंबंधांच्या रचनेवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यासाठीं देशाच्या निरनिराळ्या भाषांत काका, मामा, नणंद, जाऊ यांना कोणते शब्द आहेत, हें त्यांनीं प्रांतोप्रांतीं हिंडून गोळा केलें. आणि महाभारतावरील 'युगान्त' हें पुस्तक त्यांनीं लिहिलें तें मराठींत, १९६७ सालीं. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यास मिळाला. जी सून दूर जाईल म्हणून घर साशंक होतें, तिनेंच आपल्या कुटुंबपद्धतीचें सर्वांत बारीक वाचन आपल्या हातीं दिलें.

यावरून प्रत्येक मूल परत येईल असें वचन आम्ही देऊं शकत नाहीं. मुलें भाषा न शिकतांही जातात. अभियंते जातात, वैद्य जातात, आणि अंधेरी-मुलुंडच्या कित्येक घरांत आज दोन वृद्ध माणसें आणि भिंतीवरचे फोटो एवढेंच उरलें आहे. भाषेची पदवी घेतल्यानें हें दुःख वाढतें असें मानण्यास आधार नाहीं. जाणारें मूल जाणारच असेल, तर त्यानें दोन घरांमधला वकील होऊन जावें. जेथें जाईल तेथील माणसांना आपली रीत सांगावी आणि आपल्याला त्यांची सांगावी. ज्यांच्या घरीं परदेशीं सून आली आहे किंवा मराठी न बोलणारीं नातवंडें आहेत, त्यांना अशा वकिलाची गरज किती आहे, हें आम्हीं सांगावयास नको.

म्हणून कुटुंबांतील वडील माणसांस आमच्या चार सूचना आहेत. पहिली, मुलाला गुणपत्रिका विचारण्याआधीं त्यानें त्या भाषेंतलें किंवा त्या भाषेंतून मराठींत आलेलें एखादें पुस्तक वाचलें आहे काय, हें विचारावें. नसल्यास आधीं तें वाचावयास लावावें आणि मग निर्णय करावा. दुसरी, घरांतलें मराठी सैल होऊं देऊं नये. भाषांतरकाराला शेवटीं आपल्याच भाषेंत लिहावयाचें असतें, आणि ती कच्ची असेल तर दुसरी कितीही पक्की असून उपयोग नाहीं. तिसरी, एक वही घरांत ठेवावी, आणि आग्रह, सोंवळें, माहेरवाशीण, उष्टें असे जे शब्द दुसऱ्या भाषेंत नेतां येत नाहींत, ते तींत उतरावे. ते कां नेतां येत नाहींत, हें आजीनें नातवंडांस सांगावें. या विषयांत तीच खरी अध्यापिका आहे. चौथी, दूरवरच्या नातवाशीं फोनवर बोलतांना "मराठींत बोल पाहूं" अशी परीक्षा घेऊं नये. त्याच्या शाळेंत डबा खातांना मुलें कोठें बसतात, शिक्षकांस काय म्हणून हांक मारतात, वाढदिवस कसा करतात, हें त्याला विचारावें आणि आपल्या लहानपणीं काय होतें तें सांगावें. आज विचारलें तर उद्यां तो आपणहून विचारूं लागेल, आणि त्याला शब्द हवे झाले कीं तो मराठी मागून घेईल.

अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते. ती संपण्यापूर्वीं मुलाला जवळ बसवून घरांतील सर्वांनीं एकदां मोकळेपणानें बोलावें, आणि त्या बोलण्यांत आजीचा प्रश्न आजीला तिच्या तोंडानें विचारूं द्यावा. तिनें गप्प राहूं नये, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असाही इतरांनीं लावूं नये.